मंडळी, संगती आणि घरगुती प्रार्थना गट: सांगली-मिरज परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांमध्ये, हे प्रश्न सारखे निघतात. नव्याने बदली होऊन आलेले, नर्सिंग शिकायला आलेल्या मुली, मोबाइलवरच्या उपासनेत रुळलेले आणि घरी गट सुरू करावा की नाही या विचारात असलेले, असे सगळे वाचक धरून उत्तरं लिहिली आहेत. पंथाप्रमाणे काही तपशील बदलतात. तेवढं आपापल्या पाळकांना (पास्टरांना) विचारून घ्या.

मी घरी रोज बायबल वाचतो, प्रार्थना करतो. मग मंडळी कशाला हवी?

वाचन-प्रार्थना सोडा असं कुणीच म्हणणार नाही. येशू स्वतः पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला जात असे (मार्क 1:35). पण नव्या करारातल्या आज्ञा एकेक करून पाहा. एकमेकांची ओझी वाहा (गलती 6:2), एकमेकांना क्षमा करा (कलस्सै 3:13), एकमेकांजवळ पापं कबूल करा (याकोब 5:16), कुरकुर न करता पाहुणचार करा (1 पेत्र 4:9). यातली एकही आज्ञा दार लावून घेऊन पाळता येत नाही. क्षमा करायची तर आधी कुणीतरी दुखवावं लागतं, आणि दुखवण्याइतकं जवळ माणूस येतो तो रोजच्या उठण्याबसण्यातूनच.

लग्नात हमखास वाचला जाणारा प्रीतीचा अध्याय, 1 करिंथ 13, कुठे आहे तेही बघा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे, 12 आणि 14 या अध्यायांत, कृपादानांवरून (देवाने दिलेल्या विशेष देणग्यांवरून) मंडळीत माजलेल्या गोंधळावर प्रेषित पौल बोलतो आहे. करिंथ शहरातल्या एका भांडकुदळ मंडळीला लिहिलेलं पत्र आहे ते. नवरा-नवरीला त्याचा उपयोग होतोच, पण मंडळीच्या पंचांनी (कारभार पाहणाऱ्यांनी) तो बैठकीआधी वाचला तर जास्त होईल.

दर रविवारी उपासनेला जातो. तेवढं पुरत नाही का?

एक साधी परीक्षा घ्या. तुम्ही सलग दोन रविवार दिसला नाहीत, तर तिसऱ्या रविवारच्या आत तुम्हाला फोन कोण करेल? नाव डोळ्यांसमोर आलं तर उत्तम. आलं नाही, तर तुम्ही उपासनेला जाता, पण मंडळीत अजून कुणाच्या नजरेत नाही. यात पाळकांचा दोष असेलच असं नाही. दीडशे-दोनशे घरं, त्यांतले आजारी, लग्नं, दफनविधी, शिवाय एखाद-दोन खेड्यांची जबाबदारी, एवढं एका माणसाच्या डोक्यात मावत नाही.

यरुशलेमेतल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांबद्दल प्रेषितांची कृत्ये 2:46 मध्ये दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: ते दररोज मंदिरात जमत आणि घरोघरी भाकर मोडत. मोठी उपासना आणि घरचा गट, दोन्ही. गट काढला म्हणून रविवार सुटत असेल, तर तो गट मंडळीतून फुटायच्या वाटेवर आहे असं समजावं.

गटात किती जण असावेत?

मोठी माणसं 8 ते 12, म्हणजे साधारण पाच-सहा घरं. सहाच्या खाली गेला की दोन जण आजारी पडले तरी बैठक रद्द होते. पंधराच्या वर गेला की तिघे-चौघेच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. ती छोटी उपासनाच होते. चौदा-पंधरा झाले की दोन गट करा. गट फोडताना नातेवाइकांचा एक आणि उरलेल्यांचा दुसरा अशी वाटणी करू नका. राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे करा. विश्रामबागेतल्या माणसाला मिरजेतला गट रात्री झेपत नाही, पावसाळ्यात तर नाहीच.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची?

सोयीची वेळ गावागणिक बदलते. खेड्यात संध्याकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून माणूस मोकळा होतो तो आठच्या पुढे. तिथे साडेसहाची वेळ ठेवली की फक्त म्हातारी माणसं येतात. कुपवाडच्या एमआयडीसीतले लोक पाळीवर असतात, म्हणून तिथे एक आठवडा बुधवारी रात्री आणि पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी अशी आलटून-पालटून वेळ चालते. नर्सिंगच्या मुलींना ड्यूटी आणि होस्टेलचं गेट दोन्ही सांभाळावं लागतं; त्यांच्यासाठी दुपारी चार ते सव्वापाच. उसाच्या गळीत हंगामात तोडणी-वाहतुकीतले लोक महिनोन्‌महिने अनियमित असतात. त्यांची नावं यादीतून काढू नका, फोनवर धरून ठेवा.

वेळ एकदा ठरली की तीन महिने बदलू नका. दर आठवड्याला ‘या वेळी कधी जमायचं?’ असा मेसेज ग्रुपवर टाकणारा गट दिवाळीच्या आत बंद पडतो.

सव्वा तासात नेमकं काय करायचं?

पहिली 10 मिनिटं लोक यायला आणि पाणी प्यायला. मग 15 मिनिटं गायन: ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली दोन गीतं आणि मुलांना येतं असं एक. नंतर 25 मिनिटं वचन. उताऱ्याच्या 10 ते 15 ओव्या (वचनं) पुरतात, त्याहून जास्त घेऊ नका. उतारा दोन वेगवेगळ्या जणांनी मोठ्याने वाचायचा आणि तीनच प्रश्न: इथे काय घडतंय? देवाबद्दल काय कळतं? या आठवड्यात आपण काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘अधिक प्रार्थना केली पाहिजे’ असं गुळमुळीत आलं, तर चालवणाऱ्याने विचारावं: कधी, कुणासाठी? उरलेल्या 25 मिनिटांत विनंत्या आणि प्रार्थना.

प्रार्थनेत एक गोष्ट हमखास बिघडते. एकच जण आठ-दहा मिनिटं प्रार्थना करतो, त्यातच सगळ्या विनंत्या उरकतो, बाकीच्यांना ‘आमेन’ तेवढं उरतं. त्यापेक्षा प्रत्येक विनंती एकेकाला वाटून द्या आणि दोन-चार वाक्यांत प्रार्थना करायला सांगा. ज्याला मोठ्याने करता येत नाही त्याला मनात करू द्या, जबरदस्ती नको. मागच्या आठवड्याच्या विनंत्या वहीत लिहिलेल्या असतील, तर ‘त्याचं काय झालं?’ हे विचारायला विसरू नका. एवढ्या एका प्रश्नासाठी लोक पुन्हा येतात.

गट चालवणारा शिकलेलाच हवा का?

नाही. प्रश्न विचारून गप्प बसता येणारा हवा. उलट उत्तम प्रवचन देणारा गट चालवायला बसला की पंचवीस मिनिटांची पन्नास होतात.

चहापाण्याचं काय?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण गट बंद पडण्यात याचा वाटा मोठा आहे. पहिल्या घरी चहा-बिस्किटं होतात, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पुरी-भाजी. चौथ्या घरच्या बाईंच्या पोटात आठवडाभर आधीपासून गोळा, आणि पाचव्या घरून निरोप येतो की या वेळी पाहुणे आलेत, आमच्याकडे नको. ज्या घरी खरी ओढाताण असते तेच घर असं बाहेर पडतं. करिंथात नेमकं हेच झालं होतं: ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून तृप्त, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी आणि लाजलेले. पौल त्यावर कडक बोलला आहे (1 करिंथ 11:20-22).

म्हणून पहिल्याच बैठकीत नियम करा: चहा आणि एक सुका पदार्थ, बस. नियम मोडणाऱ्या घराचं कौतुक करू नका. ज्यांच्या एका खोलीत बारा माणसं मावत नाहीत त्यांच्याकडे सतरंज्या घेऊन जा आणि अंगणात बसा, पण त्यांची पाळी चुकवू नका.

विनंत्यांच्या नावाखाली गावगप्पा होतात. काय करावं?

‘तिच्यासाठी प्रार्थना करा, घरात फार चाललंय म्हणे’ या वाक्यापासून सावध राहा. नियम सोपा आहे: विनंती स्वतःची सांगायची, दुसऱ्याची सांगायची तर त्याला विचारून. आजाराचं नाव, रिपोर्टचा फोटो, मुलीच्या स्थळाची बोलणी, नवऱ्याचं पिणं, यातलं काहीही त्या माणसाच्या परवानगीशिवाय व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. एकदा विश्वास तुटला की बाई पुढची दोन वर्षं फक्त ‘सगळ्यांच्या आरोग्यासाठी’ अशीच विनंती देत राहते.

शेजारी आवाजाची तक्रार करतात.

बहुतेकदा त्यांचं बरोबरच असतं. बारा माणसांना माईक आणि स्पीकर कशाला हवा? निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. पेटी, ढोलकी, झांजा यांनाही नऊच्या पुढे आवर घाला. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की दर गुरुवारी इतके वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत लोक येतील, गाड्या अमुक ठिकाणी लागतील. फाटकासमोर लावलेल्या दोन मोटारसायकलींनी गायनापेक्षा जास्त भांडणं लावलेली आहेत.

दवाखान्यात भेटायला जायचं तर कसं?

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हे रुग्णांचं गाव आहे. कर्नाटकातूनही लोक इथे येतात. त्यामुळे इथल्या मंडळ्यांना हे काम सतत पडतं, आणि ते नीट करण्याची एक पद्धत आहे.

दोघांनी जावं, दहाच्या टोळीने नाही. स्त्री रुग्णाकडे जाणाऱ्यांत एक स्त्री असावी. खाटेवर बसू नये, सलाइनच्या बाजूला उभं राहू नये. दहा मिनिटं, त्यात छोटं स्तोत्र (23, 121 किंवा 130) आणि दोन मिनिटांची प्रार्थना. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला असेल तर आवाज त्याच्या बेतानं. याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) तेल लावून प्रार्थना करायची असेल तर कपाळाला बोट टेकवण्याइतकंच. जखमेवर, टाक्यांवर किंवा भाजलेल्या जागी कधीही नाही. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. साखर, रक्तदाब, फिट आणि क्षयरोगाची औषधं मध्येच सोडल्याने माणसं दगावतात. ‘कुठलं तरी पाप असेल’ हेही वाक्य नको. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी ते सांगून पाहिलं आणि देवाने त्यांनाच फटकारलं.

जेवणाचा डबा न्यायचा तर रुग्णापेक्षा सोबत थांबलेल्या माणसाचा विचार आधी करा. रुग्णाला पथ्य असतं, आणि त्याच्या मुलाने सकाळपासून वडापावावर काढलेलं असतं. तीन दिवसांची पाळी वाटून घ्या: डबा कुणाचा, रात्री थांबायला कोण, घरच्या जनावरांना वैरण कोण घालणार. हे तिसरं शहरातल्या गटाच्या लक्षातच येत नाही.

गटाने मदतनिधी ठेवावा का?

ठेवावा, छोटा आणि चोख. सात घरांनी महिन्याला 200 रुपये बाजूला काढले तर महिन्याचे 1,400, वर्षाचे 16,800 होतात. अचानक आलेलं औषध, शाळेची फी, एखादं गॅस सिलिंडर यात भागतं. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे, आणि खर्चाला दोघांची सही. दर तीन महिन्यांनी हिशेब वाचून दाखवायचा. मदत कुणाला गेली ते नाव न वाचता, फक्त रक्कम आणि कारण. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना पौलानेही सोबत दुसरी माणसं घेतली होती, पैशांबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8:20-21). पौलाला गरज वाटली, तर आपल्याला वाटायला हरकत नाही. रक्कम मोठी होऊ लागली किंवा बाहेरून देणग्या येऊ लागल्या, तर ती मंडळीच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच जायला हवी.

तीन गोष्टी गटात येऊ देऊ नका: आपसातली उसनवारी, भिशी आणि साखळी पद्धतीची विक्री. ‘ब्रदर, एक संधी आहे’ असं म्हणून साबण-पावडरपासून दामदुप्पट योजनांपर्यंत सगळं प्रार्थना गटांतून विकलं गेलेलं आहे, कारण तिथे विश्वास आयता मिळतो. पैसे बुडतात तेव्हा माणूस योजना सोडतोच, आणि लाजेपायी मंडळीही सोडतो. मदत द्यायची तर देणगी म्हणून द्या, परत येईल ही अपेक्षा न धरता.

दोघांत वितुष्ट आलं तर?

मत्तय 18:15-17 मध्ये क्रम दिला आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी ग्रुपवर टोमणा, मग नातेवाइकांची बाजू, मग पंचांकडे अर्ज, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याशी शेवटपर्यंत एक शब्द नाही. पहिली पायरी चुकली की पुढच्या काही कामाच्या राहत नाहीत. समोरासमोर बसा, घटना सांगा, ‘तू नेहमीच’ हे शब्द टाळा, आणि जमीन, वाटणी किंवा देवळाची (चर्चची) मालमत्ता असा विषय असेल तर तो प्रार्थना गटात आणूच नका. त्याची जागा वेगळी आहे.

हा क्रम सगळ्याच तक्रारींना लागू होतो का?

नाही, आणि इथे ठाम राहा. मारहाण, लैंगिक छळ किंवा मुलांशी गैरवर्तन झालं असेल, तर पीडित व्यक्तीला ‘आधी त्याच्याशी एकटी बोल’ असं सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्याच तावडीत देणं आहे. मुलांच्या बाबतीत 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती कळलेल्या माणसावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी असते. पाळक, पंच, रविवार शाळेच्या शिक्षिका, कुणीही त्यातून सुटत नाही. चाइल्डलाइन 1098, महिला हेल्पलाइन 181, तातडीसाठी 112. मंडळीची अब्रू झाकायला प्रकरण आत मिटवणारे पंच मंडळीचंच नुकसान करतात.

मंडळीत जात पाळली जाते, हे खरं ना?

खरं आहे. बाकावर सगळे शेजारी बसतात, पण लग्नाची गोष्ट निघाली की जुनी चौकशी सुरू होते. मोठ्या प्रवचनाने हे फार हलत नाही. एकमेकांच्या घरी आळीपाळीने जेवल्याने जरा हलतं. याकोब 2:1-4 मधला प्रसंगही बसायच्या जागेवरूनच आहे: सोन्याची अंगठीवाल्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी. तुमचा गट वर्षभर फक्त पक्क्या घरांतच भरत असेल, तर हा उतारा घ्या आणि चर्चा होऊ द्या.

मी ख्रिस्ती नाही. गटात बसलो तर चालेल?

खुशाल बसा. गाणं ऐका, प्रश्न विचारा, पटलं नाही तर तसं म्हणा. या भागाला ही गोष्ट नवी नाही: कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) मात्र बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, त्यामुळे ते तुम्हाला दिलं गेलं नाही तर अपमान मानू नका. मदत मिळते म्हणून यावं लागेल, किंवा आला नाहीत तर मदत थांबेल, असा सूर कुठे जाणवला तर तो गट चुकतो आहे.

ऑनलाइन उपासना चालते का?

अंथरुणाला खिळलेल्यांना, रात्रपाळीवाल्यांना, परगावी असलेल्यांना जरूर. 2020 च्या टाळेबंदीत तिच्यामुळेच अनेक घरं टिकली. पण चालता-फिरता माणूस सोफ्यावरून उपासना ‘बघत’ असेल, तर त्याला कुणाची सतरंजी उचलावी लागत नाही आणि कुणाला त्याची ख्यालीखुशाली कळत नाही. आजाऱ्यांसाठी पाळक प्रभुभोजन घरी आणतात. त्याची विनंती दोन-तीन दिवस आधी करा आणि त्या वेळी गटातल्या दोघांना बोलवा.

पुरात गटाचा काय उपयोग?

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 पाहिलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. जूनमध्येच गटाची एक कागदी यादी करा, कारण मोबाइल बंद पडतो: तळमजल्यावर कोण राहतं, एकटं म्हातारं माणूस कोण, गरोदर कोण, डायलिसिसवर कोण, आणि उंचावर कुणाच्या घरी किती माणसं झोपू शकतात. पातळी 40 कडे सरकू लागली की यादीतल्या पहिल्या नावांना हलवायला सुरुवात. 45 ची वाट पाहू नका, तोवर रस्ते तुटतात. बाप्तिस्म्याचे दाखले, रेशनकार्ड, सातबारा, औषधांच्या चिठ्ठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला स्वतःच्या गल्लीपासून सुरुवात करा आणि शेजारचं घर कुठल्या धर्माचं ते पाहू नका (गलती 6:10).

बदली होऊन दुसऱ्या गावी चाललो आहे. काय न्यायचं?

पाळकांकडून बदलीपत्र: त्यात बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) आणि पूर्ण सभासदत्वाचा उल्लेख असावा. हे पत्र नसलं की लग्नाच्या वेळी धावपळ होते. जुनी नोंद शोधताना मंडळीचं आजचं नाव धरून बसू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी झालं. त्याआधीच्या वह्यांवर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया किंवा मिशनचं नाव असू शकतं. आडनावाचं स्पेलिंगही तेव्हा वेगळं लिहिलेलं असतं, म्हणून तारीख आणि वडिलांच्या नावावरून शोधा. नव्या गावी पोचल्यावर चार मंडळ्या वर्षभर फिरून बघण्यापेक्षा महिन्याभरात एक ठरवा.

आमच्या गटाला नाव आणि बॅनर लागेल का?

नाही. रोममध्ये प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणारी मंडळी त्यांच्या घरावरूनच ओळखली जायची (रोम 16:3-5). बॅनरचे पैसे वाचवून पेटीचा भाता दुरुस्त करून घ्या. मिरजेसारख्या वाद्यांच्या गावाशेजारी राहून बेसूर गायला काही निमित्त नाही.